सोळा वॉटचा हिशेब

पावसाळ्यात पुण्यात सायकल काढली की खड्ड्याची खोली आधी चाकाला कळते, मग मणक्याला. म्हणून यंदा घरातच स्मार्ट ट्रेनर आणला. मागचं चाक काढायचं, सायकल त्याच्यावर चढवायची आणि पंख्यासमोर जागच्या जागी सिंहगड चढायचा. पाय किती वॉट काढतात ते ट्रेनर मोजतो; तेच मोजणारा पॉवर मीटर पेडलमध्ये आधीपासून होताच.

पहिल्याच दिवशी दोघांचं बिनसलं. हँडलवरचा डिस्प्ले पेडलचं ऐकून 212 वॉट दाखवतोय, लॅपटॉप ट्रेनरचं ऐकून 196. पाय माझे, घाम माझा, मग मधले 16 वॉट कुणी खाल्ले? खरं सांगतो, मी लगेच पेडलच्या बाजूने झालो. ज्या यंत्राला आपली कदर आहे, ते बिघडलेलं कसं असेल?

तरी रीतसर सगळं केलं. दहा मिनिटं चालवून ट्रेनर गरम केला, कॅलिब्रेशन केलं, पेडलचं शून्य जुळवलं. 16 जागचे हलले नाहीत.

एका जाणकार मित्राला फोन केला. त्याने एवढंच विचारलं, "क्रँकची लांबी किती टाकलीयेस?" क्रँक म्हणजे पेडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा; त्याची लांबी पेडलच्या मीटरला मिलिमीटरमध्ये सांगावी लागते.

"172.5. अंदाजाने."

"क्रँकच्या आतल्या बाजूला बघ."

चिखल खरवडला. खाली कोरलं होतं: 165. मीटर वॉट काढतो टॉर्कवरून, म्हणजे फिरवण्याच्या जोरावरून; आणि टॉर्क म्हणजे पायाचा जोर गुणिले क्रँकची लांबी. साडेसात मिलिमीटर मी फुकट लाटले होते! आकडा दुरुस्त केला, 212 चे 203 झाले. नऊ वॉट एका बोटाने गेले.

उरले सात. पेडल जोर पायापाशी मोजतं, ट्रेनर पार मागे. मधल्या मध्ये चेन आपली दलाली कापते. दोनेक टक्के रास्त, पण माझ्या चेनवर गेल्या मोसमाचा चिखल होता. हॉलमध्ये पेपर पसरले, डिझेल, टूथब्रश, जुना बनियन. घरात पेट्रोल पंपाचा वास. बायको काही बोलली नाही, फक्त खिडक्या उघडल्या. तेल दिल्यावर ट्रेनर 199 वर आला. चार वॉटांचा फरक! मी तह जाहीर केला.

मग सहज बोलून गेलो, की मीटर फक्त डाव्या पेडलमध्ये आहे. तो डाव्या पायाचं मोजून सरळ दुप्पट करतो.

"आणि उजवा? त्याचा तर गुडघा दुखतो ना तुझा?" बायको म्हणाली. "घे की उजव्यालाही एक मीटर."

किंमत पाहिली. उजव्या पायावर माझा पूर्ण विश्वास आहे.