एच-तीन काबरं नाही केलं?

रविवारी क्लबात बुद्धिबळाचा डाव मी जिंकलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण तेव्हापासून भुसावळात ज्यांनी ज्यांनी मला रस्त्यात थांबवून "ऐकला हं तुमचा डाव" म्हटलंय, त्या सगळ्यांनी कौतुक आप्पांचं केलंय.

समोर चोपड्याचे एक जिनिंगवाले गृहस्थ होते. सभ्य माणूस. हरल्यावर हात मिळवला आणि म्हणाले, "बघायचा का परत पहिल्यापासून?" डाव संपल्यावर दोघांनी पट पुन्हा मांडावा, कोण कुठे काय विचार करत होता ते एकमेकांना सांगावं, हा बुद्धिबळातला सगळ्यात सुसंस्कृत प्रकार. फक्त बघणारे दोघेच असावे लागतात.

आम्ही भराभर मांडलं. इटालियन ओपनिंग नावाची सुरुवात, तीही सी-३, डी-३ वाली (अक्षर म्हणजे पटाची उभी पट्टी, आकडा म्हणजे त्यातलं घर), कुणाच्या अध्यात ना मध्यात. घोडे बाहेर, उंट बाहेर, माझा किल्लेकोट. सहाव्या चालीला त्यांनी एच-६ केलं, म्हणजे कडेचं प्यादं एक घर पुढे. सातव्याला मी हत्ती ई-१ वर आणला आणि मागून आवाज आला.

"एच-तीन काबरं नाही केलं हो भाऊ?"

आप्पा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. क्लबात ते स्वतः खेळत नाहीत. खेळलं तर हरायची सोय असते. बघणारा कधी हरत नाही. एच-तीन म्हणजे माझंही कडेचं प्यादं एक घर पुढे. मी सांगितलं, गरज नव्हती. आप्पांनी बाजूची खुर्ची ओढली. "गरज नव्हती कशी? त्याचा उंट जी-चारवर येऊन बसला म्हणजे? तुमचा घोडा बांधला ना भो, हलला की मागचा वजीर गेला! सिग्नल पडायच्या आधी ब्रेक तपासून घ्यावा लागतो."

"पण उंट आलाच नाही आप्पा."

"आला असता तर?"

या 'आला असता तर'ला जगात उत्तर नाही. तरी मी उत्तर दिलं, आणि तिथेच फसलो, कारण आप्पांनी हात घालून उंट खरंच जी-४ वर ठेवला. मग माझा घोडा हलवला. मग वजीर. दहा मिनिटांनी पटावर असा एक डाव उभा होता, जो जगात कुणीही कधी खेळलेला नव्हता, आणि त्यात मी हरत होतो.

मध्येच आप्पा देशी डावावर घसरले. आमच्या वेळी प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर जायचं, हत्तीच्या पट्टीत पोचलं तर हत्तीच व्हायचं, उठसूट वजीर नाही. मीर सुलतान खान हाच देशी डाव शिकून विलायतेला गेला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसला. हे सगळं खरं आहे, पण आप्पा अशा थाटात सांगतात की त्याला बोटीवर बसवून द्यायला हेच गेले होते. त्याचा माझ्या हत्तीशी काय संबंध, हे विचारलं तर म्हणाले, "ऐकून घ्या, कामाला येईल."

तोवर गर्दी जमली. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ साली बटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या क्लबात मुलं वाढली, हे चांगलंच झालं. पण पालकही वाढले. पालकांना पट दिसत नाही, मोबाईल दिसतो. एकानं माझी सातवी चाल मोबाईलवरच्या इंजिनात, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, घातली आणि जाहीर केलं, "एच-तीन पण चालतं म्हणतोय." 'पण' हा शब्द कुणीही ऐकला नाही. आप्पांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली.

मला घाई होती ती शेवटाकडे जायची. कापाब्लांका, १९२१ ते १९२७ जगज्जेता होता तो, सांगायचा की बुद्धिबळ शिकायचं तर आधी अंतिम खेळ शिका. आमच्याकडे सगळ्यांना पहिल्या दहा चालींवर मत असतं. पुढे कुणी येतच नाही. आणि माझं सगळं कर्तृत्व पुढे होतं! पटावर दोन राजे आणि चार प्यादी उरलेली. माझं एक ई-४ वर, त्यांचं ई-५ वर, डोक्याला डोकं लावून. माझा राजा एफ-५ ला, त्यांचा डी-४ ला. दोघेही आपलं प्यादं राखतायत आणि समोरच्याचं खायला टपलेत. ज्याला राजा हलवावा लागेल त्याचं प्यादं गेलं. याला म्हणतात झुगझ्वांग. आणि चाल माझी.

पण कडेला माझं एच-२ चं प्यादं सुरुवातीपासून जागचं हललेलं नव्हतं. त्यांचं एच-६ वर. मी दोन घरं गेलो तर ते एच-५ करतात आणि चाल पुन्हा माझ्या गळ्यात. एकच घर गेलो तर ते एच-५, मी एच-४, आता हलवा राजा! सातव्या चालीलाच ते प्यादं सरकवलं असतं तर एक घर की दोन, हे ठरवायचा हक्क तिथेच संपला असता, आणि डावही.

हे सगळं मी मांडलं तेव्हा समोर फक्त चोपड्याचे पाहुणे होते. बाकी मंडळी खाली. हिवाळ्यातल्या रविवारी भरीत-पुरी असते, आणि बामणोदची वांगी भाजल्याचा वास जिन्यातून वर यायला लागला की बुद्धिबळाचं काय चालणार? ते मी समजू शकतो. मात्र सातव्या चालीवर पाऊण तास बसणाऱ्यांना शेवटची पाच मिनिटं जड व्हावीत, हे मला अजून समजलेलं नाही. वर्गणी मीही भरली होती.

मी एच-३ केलं, घड्याळावर हात मारला तसा टेबलावर मारला, आणि दारात आप्पा उभे. हातात द्रोण, मागे ते मोबाईलवाले पालक.

"काय केलं?"

"एच-तीन," पाहुणे म्हणाले.

पालकांनी बोटं चालवली. "इंजिनपण म्हणतोय, एच-तीनच! दुसऱ्या कशानंही जिंकत नाही."

आप्पा काही बोलले नाहीत. शांतपणे पुरीचा तुकडा मोडला, भरीत लावलं, तोंडात टाकलं. मग म्हणाले, "मी काय सांगून राहिलो होतो?"

"आप्पा, आधी केलं असतं तर मी हरलो असतो! तेव्हा नाही केलं म्हणून आता करता आलं."

"म्हणजे केलंच ना शेवटी?"

"हो, पण..."

"मग दीड तास काबरं भांडले?"

मी मदतीसाठी पाहुण्यांकडे पाहिलं. ते हरले होते ना, त्यांनी तरी माझी बाजू घ्यावी. ते पटाकडे बघत म्हणाले, "तसं पाहिलं तर मला पहिल्यापासून एच-तीनचीच भीती होती."

खाली गेलो तर भरीत संपलं होतं. कांद्याची पात होती.

रात्री क्लबच्या ग्रुपवर वृत्तान्त आला: 'आप्पांनी सुरुवातीलाच सुचवलेल्या एच-३ या चालीमुळे प्याद्यांच्या अटीतटीच्या डावात विजय.' कुणाचा विजय, ते लिहिलेलं नव्हतं. खाली अंगठे पडत गेले. मी दिला नाही. पहिला चोपड्याच्या पाहुण्यांचा होता.