मूठभर मीठ, निळं औषध आणि गोल्डफिशची झडलेली शेपटी

मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला फिरत असतो: ‘गोल्डफिशची शेपटी झडायला लागली म्हणजे बुरशी लागली. टाकीतलं सगळं पाणी काढा, खडे आणि फिल्टर नळाखाली घासून धुवा. मूठभर मीठ (आयोडीनवालं अजिबात नको), मिथिलीन ब्लू हे निळं औषध आणि टेट्रासायक्लीन या प्रतिजैविकाची एक कॅप्सूल टाका. तीन दिवसांत शेपटी पहिल्यासारखी.’

सुरुवातच चुकली आहे. कडेपासून कुजत येणाऱ्या शेपटीत बहुधा एरोमोनास, स्यूडोमोनाससारखे जिवाणू असतात. हे पाण्यात एरवीही असतात, पण धडधाकट माशाला सहसा काही करत नाहीत. मासा आधी कशाने तरी खचलेला असतो, आणि ते ‘कशाने तरी’ म्हणजे बहुतेक वेळा अमोनिया. गोल्डफिश खातो भरपूर, कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, आणि आपण त्याला ठेवतो पाच लिटरच्या काचेच्या भांड्यात. कधी कारण याहून साधं असतं. सोबतचा टायगर बार्बसारखा दुसरा मासा कुरतडतो किंवा प्लास्टिकच्या झाडात शेपटी अडकून फाटते. अशा वेळी औषध नको, ते झाड काढा.

आता त्या धुण्याविषयी. यानेच सर्वांत जास्त मासे जातात असं माझं मत आहे. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर राहतात. क्लोरीनच्या पाण्याखाली घासलं की तेही गेले. ती वस्ती नव्याने बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर आजारी मासा स्वतःच्याच घाणीत पोहतो. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळा. पाणी रोज पाव ते अर्धं बदला, अँटी-क्लोरीनचे थेंब टाकून, तेवढ्याच तापमानाचं. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य येईपर्यंत हे चालू ठेवा, खाणं कमी करा.

मिठाचा मुद्दा अर्धा खरा आहे. लिटरला एक ते तीन ग्रॅम मीठ माशाला आधार देतं, नायट्राइटचं विष अडवतं. पण मूठ कोणाची? वजनकाटा वापरा. मीठ वाफेबरोबर उडत नाही, त्यामुळे आटलेल्या पाण्याची भर घालताना पुन्हा टाकू नका. आयोडीनची भीती निव्वळ अफवा.

मिथिलीन ब्लू बुरशीवर चालतं, पण मुख्य टाकीत टाकलं तर फिल्टरमधल्या त्या उपयोगी जिवाणूंना मारतं आणि सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे करतं. टेट्रासायक्लीन तर बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून बरंचसं वाया जातं. कूज शेपटीच्या मुळाशी पोचली, अंगावर लाल चट्टे आले, मासा खाईना, तर प्रतिजैविक लागू शकतं, पण ते वेगळ्या टाकीत आणि पशुवैद्याला विचारून.

आणि तीन दिवस? शेपटी भरून यायला आठवडे लागतात, कधी महिने. मुळापर्यंत गेलेली बहुधा येतच नाही. नवी कड आधी पारदर्शक, पांढुरकी दिसते, रंग नंतर भरतो. नेमकी हीच कड पाहून लोक ‘बुरशी परत आली’ म्हणतात आणि पुन्हा निळं औषध ओततात. बुरशी कापसाच्या पुंजक्यासारखी फुगीर दिसते, ही कड सपाट असते.