चारीचं अस्तरीकरण ‘पास’ झालेलं नाही

निफाड-दिंडोरीकडच्या ग्रुपांवर चारीबद्दल, म्हणजे शेताला पाणी नेणाऱ्या छोट्या कालव्याबद्दल, दोन दिवस मेसेज फिरतोय : ‘नाशिकच्या निवृत्त इंजिनिअरांनी चारी पाहून काँक्रीट अस्तर पास केलं, एकरी वर्गणी लगेच भरा.’ चारी पाहायला गेलेल्या तिघा इंजिनिअरांपैकी मी एक. पास करणं आमच्या हातात नाही, वर्गणीही आम्ही मागितलेली नाही. आम्ही फुकट सल्ला देतो, चहा तेवढा घेतो. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानुसार चारी ज्या पाणीवापर संस्थेकडे (शेतकऱ्यांच्याच संस्थेकडे) सोपवली, चारीच्या देखभालीचा निर्णय त्या संस्थेचा. मुख्य कालव्याला हात लावायचा तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते.

आम्ही म्हणालो ते वेगळंच. तिथली माती काळी. पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. थेट तिच्यावर अस्तर ओतलं की तडे आलेच. खाली न फुगणाऱ्या मुरुमाचा थर हवा, पाणी मारून नीट दाबलेला. वळणावर तर खेकड्याच्या बिळातून पाणी सरळ शेजारच्या द्राक्षबागेत उतरत होतं (बागवाले तक्रार कशाला करतील म्हणा!). आधी ती बिळं बुजवा, गाळ काढा, लेव्हल घ्या. तळाचा उतार कळल्याशिवाय सिमेंटचं पोतं फोडू नका.

कुणी पैसे दिले असतील तर पावती घेऊन संस्थेत विचारा.