मंडईत शिकलेली जर्मन

शाळेत जर्मन शिकवताना सहली आणि सण यांना तासाइतकंच महत्त्व द्यावं, असा मुद्दा एका लेखात वाचला आणि तो मला मनापासून पटला. मी पुण्यात आठवी-नववीला जर्मन शिकवते. 'डेर, डी, डास' ही नामाच्या लिंगानुसार त्याच्या आधी लागणारी आर्टिकल्स फळ्यावर कितीही वेळा लिहिलं तरी मुलं गोंधळतात. खरं तर तीन लिंगं आपल्यालाही सवयीची, तो-ती-ते! पण एकाच वस्तूचं लिंग दोन्ही भाषांत जुळतंच असं नाही ना. मागच्या वर्षी मुलांना घेऊन महात्मा फुले मंडईत गेले. यादी जर्मनमध्ये, भाव मात्र मराठीत करायचा. काकडी आपल्याकडे 'ती' आणि तिकडेही 'डी गुर्कं', म्हणून सगळे खूश. मग बटाट्याशी अडले: आपला 'तो' तिकडे 'डी कार्टोफल'. त्या दिवसाचे शब्द आजही कुणी विसरलेलं नाही. आकडेही तिथेच पक्के झाले, कारण 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश' म्हणजे आपल्या एकवीससारखंच, आधी एक मग वीस.

सणांचंही तसंच. ११ नोव्हेंबरला जर्मनीतली मुलं संत मार्टिनच्या नावाने कागदी कंदील घेऊन मिरवणूक काढतात. आम्हीही वर्गात तसे कंदील केले. आमच्या मुलांना आकाशकंदील करायची सवय, त्यामुळे पतंगाचा कागद आणि खळ घेऊन ती लगेच कामाला लागली, आणि एरवी गप्प बसणारी एक मुलगी सगळ्यांना जर्मनमधून सूचना देत होती.

'यात पोर्शन मागे पडतो' असं काही पालक म्हणतात. त्यांची काळजी मी समजू शकते, पण माझ्या वर्गात मंडईनंतरच्या चाचणीत आर्टिकलच्या चुका कमी झाल्या होत्या.