औषध सापडलं, पुढं काय?

ज्यांच्या घरचं माणूस आयसीयूत राहून आलंय त्यांनी कल्चरचा, म्हणजे पेशंटच्या नमुन्यातला जंतू वाढवून त्याच्यावर कुठलं औषध चालतं ते तपासणारा, रिपोर्ट पाहिला असेल. औषधांची लांबलचक यादी, आणि प्रत्येक नावापुढं 'एस' किंवा 'आर'. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो. आर म्हणजे देत नाही. क्लेबसिएला नावाच्या जंतूचे काही रिपोर्ट वाचताना वरपासून खालपर्यंत नुसतं आर, आर, आर येतं आणि गाडी कोलिस्टिनपाशी येऊन थांबते. हे औषध किडनीला त्रास देतं म्हणून डॉक्टरांनी कधीच मागं ठेवलं होतं. आज त्याच्यावरच भिस्त आहे. आणि हेच कोलिस्टिन कोंबड्या लवकर भराव्यात म्हणून खाद्यातून दिलं जात होतं. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली.

मी कोल्हापुरात मायक्रोबायोलॉजी शिकवते, विद्यार्थ्यांबरोबर मातीतले जंतू तपासते. त्यामुळं ओळखीतले लोक हटकून विचारतात, "मॅडम, सायन्स एवढं पुढं गेलं, मग नवीन अँटिबायोटिक का निघत नाही?" साध्या सर्दीला ॲझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक घेऊ नका, हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. पण या प्रश्नाचं उत्तर तेवढ्यानं मिळत नाही.

आधी शोधायचं कसं ते सांगते. गगनबावड्याकडच्या एखाद्या बांधावरची माती आणायची, वाळवायची, पाण्यात मिसळून पातळ करत न्यायची आणि प्लेटवर पसरायची. बाकीचे जंतू एका रात्रीत उगवतात. आम्हाला हवे असतात ते स्ट्रेप्टोमायसीस, म्हणजे अँटिबायोटिक बनवणारे मातीतले जंतू, त्यांना आठवडा लागतो. त्यांची कॉलनी खडूच्या भुकटीसारखी दिसते, पण प्लेटमधल्या जेलीसारख्या आगरमध्ये इतकी घट्ट रुतलेली असते की लूपनं, म्हणजे तारेच्या कडीनं, उचलायला गेलं तर सुटत नाही, खरवडावी लागते. झाकण उघडलं की वळवाच्या पहिल्या पावसाचा वास येतो, कारण मातीचा तो वास मुळात यांचाच. मग या कॉलनीशेजारी स्टॅफिलोकोकस हा रोगजंतू लावायचा. दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडात धरली आणि कॉलनीभोवती स्वच्छ रिकामी जागा दिसली, म्हणजे तिथं रोगजंतू वाढू शकला नाही, की पोरं अक्षरशः उड्या मारतात. मलाही अजून तेवढाच आनंद होतो.

खरी परीक्षा त्यानंतर. बहुतेक वेळा जंतूला रोखणारा तो रेणू आधीच सापडलेला निघतो. नवा असलाच तर जंतूबरोबर माणसाच्या पेशीही मारतो. त्यातूनही सुटला तर क्लेबसिएलासमोर हरतो, कारण त्या जातीच्या जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं आणि आत शिरलेलं औषध उपसून बाहेर टाकणारे पंपही असतात. १९४३ मध्ये अमेरिकेत वाक्समन या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झनं मातीतूनच स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक शोधलं आणि पुढची वीसेक वर्षं सुगीची गेली. सहज हाती लागणारं तेव्हाच निघून गेलं. मातीतले बहुतेक जंतू तर आपल्या प्लेटवर उगवतच नाहीत. ते मातीतच ठेवून वाढवायची युक्ती अमेरिकेतल्या संशोधकांनी काढली आणि २०१५ मध्ये टेक्सोबॅक्टिन हे नवं अँटिबायोटिक जाहीर झालं. तेही क्लेबसिएलाच्या जातीवर चालत नाही.

पण मला जास्त अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. औषध सापडलं, चाचण्या पार पडल्या, परवानगीही मिळाली, तरी कंपनी बुडते. अमेरिकेतल्या अकेओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिन या अँटिबायोटिकला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. औषधात खोट नव्हती. बीपीची गोळी माणूस जन्मभर घेतो, अँटिबायोटिक आठवडाभर. त्यात नवं, जालीम अँटिबायोटिक कुणी सरसकट वापरत नाही, जंतू त्याला सरावू नयेत म्हणून अडीअडचणीसाठी राखून ठेवतात आणि तेच बरोबर आहे. म्हणजे औषध टिकवायचं तर ते कमी खपायला हवं आणि कंपनी टिकवायची तर जास्त. हा हिशेब बाजारात जुळणारच नाही.

राधानगरीचं धरण आठवा. शाहू महाराजांनी ते काम हाती घेतलं तेव्हा नफा बघणारा कुठला व्यापारी त्यात पैसा घालणार होता? काम पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला, महाराजांना ते बघायलाही मिळालं नाही. आज त्या पाण्यावर ऊस उभा आहे. नव्या अँटिबायोटिककडं सरकारनं याच नजरेनं बघावं, असं माझं ठाम मत आहे. खपावर नव्हे, ते तयार असण्यावर पैसे द्यावेत. ब्रिटननं २०२२ पासून दोन औषधांसाठी हे सुरू केलं. वापर किती झाला ते न बघता कंपनीला दरवर्षी ठरलेली रक्कम मिळते. आपल्याकडंही वोक्हार्ट कंपनीच्या नॅफिथ्रोमायसिन या नव्या अँटिबायोटिकला बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेची मदत झाली आणि २०२४ मध्ये ते जाहीर झालं. म्हणजे जमतं. पण २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं जंतूंच्या या औषधांना दाद न देण्यामुळं, म्हणजे थेट प्रतिरोधामुळं गेली असा अंदाज आहे. एखाददुसऱ्या औषधावर भागणारं हे दुखणं नाही.

आणि पैसा फक्त कंपन्यांना नको. जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेत ग्रँटचा पुढचा हप्ता येईपर्यंत जंतू वाढवायचं खाद्य (मीडिया) संपलेलं असतं, आणि हाताला वळण लागलेला पोरगा पुण्या-हैदराबादला क्वालिटी कंट्रोलच्या नोकरीवर निघून गेलेला असतो. त्यानं गोळा केलेले जंतू डीप फ्रीझरमध्ये तसेच पडून राहतात. त्याला घर चालेल एवढी फेलोशिप सलग पाच वर्षं, दर महिन्याला वेळेवर मिळाली पाहिजे. आणि चंदगड-शाहूवाडीच्या पेशंटचं कल्चर तालुक्यातच, परवडेल अशा दरात झालं पाहिजे, म्हणजे डॉक्टरला अंदाजानं औषध द्यावं लागणार नाही. निवडणुकीत रस्ते-गटारांचं विचारतो तसं हेही उमेदवाराला विचारा. मी विचारणार आहे.