संदर्भसूची शेवटच्या रात्री करू नका, प्लीज

पीएचडी करणारे, एमएचं डिसर्टेशन लिहिणारे आणि मुख्य म्हणजे त्यांचे गाइड, सगळ्यांसाठी लिहितेय. पोस्ट लांब आहे पण वाचा.

आपल्याकडे काय होतं, सगळी प्रकरणं लिहून होतात, निष्कर्ष होतात, ऋणनिर्देश तर फार मन लावून होतो, बाइंडिंगवाल्याला तारीखही दिलेली असते आणि मग कुणालातरी आठवतं की अरे संदर्भसूची राहिली. मग डीटीपीवाल्याशेजारी बसून तळटिपांमधून नावं उचलायची, प्रकाशनाचं वर्ष लिहून ठेवलेलं नसेल तर नेटवर शोधायचं, तिथेही नाही मिळालं तर आधीच्या कुणाच्यातरी प्रबंधातली नोंद जशीच्या तशी घ्यायची. आणि या सगळ्याला आपण 'फॉरमॅटिंग बाकी आहे' असं म्हणतो, जणू फक्त मार्जिन सेट करायचं राहिलंय. मला याचा खरंच त्रास होतो. कारण संदर्भसूचीतली नोंद ही दुसऱ्या कुणालातरी तुम्ही वाचलेल्या त्याच पानापर्यंत पोचता यावं म्हणून असते, आणि ते पान पुस्तक हातात असतानाच नोंदवता येतं, सहा महिन्यांनी नाही.

उदाहरण घ्या. 'गुलामगिरी' 1873 चं. पण आपल्यापैकी बहुतेकजण ते वाचतात साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या समग्र वाङ्मयात. त्या समग्र वाङ्मयाची कीर-मालशे यांनी संपादित केलेली पहिली आवृत्ती 1969 ची, आणि य. दि. फडके यांनी संपादित केलेली 1991 ची. आता प्रबंधात नुसतं 'फुले, 1873, पृ. 142' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याने 142 वं पान नक्की कशातलं उघडायचं? आणि नुसतं 'फुले, 1991' लिहिलं तर महात्मा फुल्यांनी 1991 साली पुस्तक लिहिल्यासारखं दिसतं, म्हणजे शंभर वर्षांचा काळ एका कंसात गायब. एपीएमध्ये (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ देण्याची पद्धत) यासाठी साधी सोय आहे, (फुले, 1873/1991), पहिलं वर्ष मूळ प्रकाशनाचं आणि दुसरं हातातल्या आवृत्तीचं, आणि सूचीत संपादकाचं नाव द्यायचं. एक तिरकी रेघ, पण तिच्यामुळे वाचणाऱ्याला दोन्ही गोष्टी कळतात.

जुन्या मराठी पुस्तकांवर शके असतं, तेही बघा. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा मजकूर असेल तर 79 मिळवायचे. महिना माहीत असेल तर हा फरक सोडू नका. आणि मुखपृष्ठावर शके छापलंय तर ते नोंदीत तसंच ठेवून शेजारी इसवी सन द्या, मूळचं पुसून टाकू नका.

आता नावांबद्दल, कारण मराठी प्रबंधांत सगळ्यात जास्त गोंधळ इथे दिसतो. 'डॉ.', 'प्रा.', 'श्री.' हे सूचीत येत नाही हो. आदर असतो मान्य, पण तो प्रस्तावनेत दाखवा. मी अशा याद्या बघितल्यात जिथे निम्मे लेखक 'ड' खाली आणि उरलेले 'प' खाली, कारण वर्डला सॉर्ट करायला सांगितलं आणि वर्डने डॉक्टर आणि प्राध्यापक वेगळे काढून दिले. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव किंवा आद्याक्षरं, बस. टोपणनाव असेल तर पुस्तकावर जे छापलंय त्याखाली नोंद करायची, म्हणजे कुसुमाग्रजांचा कवितासंग्रह 'कुसुमाग्रज' खालीच शोधला जाणार, आणि 'शिरवाडकर, वि. वा.' इथे हवं तर 'पाहा: कुसुमाग्रज' असं टाका. शिरवाडकर म्हणूनही त्यांची पुस्तकं आहेत, त्यामुळे ही एक ओळ वाचणाऱ्याचा पुष्कळ वेळ वाचवते.

अकारविल्हे लावणं हाही वाटतं तितका सोपा प्रकार नाही. आपल्या परंपरेत ळ हा ह च्या नंतर येतो आणि क्ष, ज्ञ सगळ्यात शेवटी. पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला ठरावीक नंबर देणाऱ्या पद्धतीत, ळ चा नंबर ल च्या लगेच नंतर लागतो, आणि क्ष म्हणजे क ला ष जोडलेला, त्यामुळे नुसत्या कोडनुसार सॉर्ट झालं की क्षीरसागर थेट क मध्ये जाऊन बसतात आणि काळे हे कावळेंच्या आधी येतात. यातली कुठली पद्धत बरोबर यावर भांडत बसण्यापेक्षा एक ठरवा आणि सूचीच्या वर एका ओळीत लिहून टाका की हा क्रम वापरलाय. आणि कृपा करून युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या फायलीला कॉम्प्युटर मराठी म्हणून ओळखतच नाही, मग सॉर्टही होत नाही आणि शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) पीडीएफ चढल्यावर त्यात नाव टाकून शोधताही येत नाही.

स्टाइल कुठलीही घ्या, पण एकच घ्या. मेडिकलवाले व्हँकुव्हर वापरतात, 1978 मध्ये व्हँकुव्हरला वैद्यकीय जर्नल्सचे संपादक जमले होते त्यावरून ते नाव, तिथे नंबर असतात आणि सूची मजकुरातल्या क्रमाने लागते, अकारविल्हे नाही. समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्रात एपीए. त्याची सातवी आवृत्ती 2019 च्या ऑक्टोबरमध्ये आली आणि तरी अजून आपल्याकडे सहावीच्या झेरॉक्स फिरतायत! सातवीत प्रकाशनाचं शहर काढून टाकलंय, 'पुणे:' 'मुंबई:' लिहायची गरज नाही. लेखक वीसपर्यंत असतील तर सगळे द्यायचे, सहावीत ही मर्यादा सात होती. मजकुरात मात्र तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्याच वेळेपासून 'पहिला लेखक आणि इतर'. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमस्वरूपी ऑनलाइन क्रमांक, पूर्ण लिंकच्या रूपात. नोंदीची दुसरी ओळ अर्धा इंच आत. (माझं वैयक्तिक मत विचाराल तर मराठी पुस्तकांसाठी शहर ठेवावं, कारण आपल्याकडचे जुने प्रकाशक लहान असायचे आणि शहरामुळे ते शोधायला मदत होते. पण विद्यापीठाने एपीए सात म्हटलं असेल तर तसंच करा.)

आता दुसऱ्याच्या सूचीतून नोंद उचलण्याबद्दल. सिम्किन आणि रॉयचौधुरी या दोघांनी 2003 साली एक फार सुंदर काम प्रसिद्ध केलं. भौतिकशास्त्रातला एक गाजलेला पेपर घेतला, त्याची सुमारे 4300 सायटेशन्स (इतरांनी दिलेले त्याचे संदर्भ) बघितली, त्यात 196 ठिकाणी छपाईच्या चुका निघाल्या, म्हणजे खंडाचा किंवा पानाचा आकडा चुकलेला. पण वेगवेगळ्या चुका फक्त 45! बाकीच्यांनी दुसऱ्याची चूक जशीच्या तशी उचललेली. त्यावरून त्यांनी असा अंदाज काढला की सायटेशन देणाऱ्यांपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाने मूळ पेपर वाचला असेल. म्हणजे पानाचा एक चुकलेला आकडा सांगतो की तुम्ही ते पान उघडलंच नव्हतं.

याहून पुढची गोष्ट 2017 मधली. एल्सव्हिअर या जर्नल्स काढणाऱ्या प्रकाशनाच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये नोंद कशी लिहावी हे दाखवायला व्हॅन डर गीर वगैरे लेखकांचा, 2000 सालचा एक पेपर नमुना म्हणून दिलेला असायचा. असा पेपरच अस्तित्वात नाही, नमुना म्हणून बनवलेला. तरीही तो शेकडो ठिकाणी साइट झालेला सापडला, अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी याचा छडा लावून लिहिलं. टेम्प्लेटमधली नोंद पुसायची राहिली, आणि लेखकापासून संपादकापर्यंत कुणीच शेवटचं पान वाचलं नाही. आता तर चॅटजीपीटी अशा नोंदी हव्या तितक्या बनवून देतो, आडनाव स्वल्पविराम वर्ष सगळं व्यवस्थित, म्हणजे आता नोंद नीटनेटकी दिसते म्हणून ती खरी मानायची सोय राहिली नाही. प्रत्येक डीओआय ब्राउझरमध्ये टाकून उघडा, तोच पेपर उघडतो का बघा. दुसरा उपाय नाही.

झोटेरो हे संदर्भ साठवून सूची बनवणारं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे, 2006 पासून आहे. पण त्यावरही डोळे मिटून विसंबू नका. जर्नलच्या साइटवरून शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये येतं, मराठी पुस्तकाचं नाव आणि आडनाव एकाच रकान्यात पडतं, मराठी नोंदीत मध्येच 'आणि इतर' ऐवजी 'एट अल' घुसतं. हे हाताने नीट करावं लागतं.

आणि शेवटी विभागांना एक विनंती. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत वाङ्मयचौर्य तपासायला इतर मजकुराशी साम्य मोजताना संदर्भसूची वगळायची आहे, ते योग्यच आहे, पण त्याचा परिणाम असा झालाय की सॉफ्टवेअर ती पानं मोजत नाही आणि माणसंही वाचत नाहीत. साम्य दहा टक्क्यांच्या आत आलं की सगळे खूश. प्री-पीएचडी कोर्सवर्कच्या पहिल्या महिन्यातच मुलांना लायब्ररीत न्या, प्रत्येकाला पाच गोष्टी द्या, एक जुनं शके छापलेलं पुस्तक, एक संपादित ग्रंथातला लेख, एक दिवाळी अंकातला लेख, एक अनुवाद, एक सरकारी अहवाल, आणि हातात वस्तू असताना नोंद करायला लावा. दिवाळी अंकाला बरेचदा खंड नसतो, अंक क्रमांक नसतो, कधी संपादकाचं नाव आतल्या पानावर बारीक अक्षरात असतं, ते कुठे शोधायचं हे कुठल्याच इंग्रजी मॅन्युअलमध्ये नाही, ते आपल्यालाच शिकवावं लागेल. आणि व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) परीक्षक म्हणून गेलात की सूचीतल्या कुठल्याही तीन नोंदी निवडून विचारा, हे पुस्तक कुठल्या लायब्ररीत मिळालं, कुठली आवृत्ती होती आणि त्यातलं कुठलं पान वापरलं.