मेंढ्या पाळा, पण हिशोबात बाई धरू नका

सिन्नरकडे दोन एकर पडीक आहे, गंगापूर रोडच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे आणि मोबाइलवर 'वीस मेंढ्या, वर्षाला लाखोंचा नफा' हा व्हिडिओ तुम्ही तिसऱ्यांदा बघताय. तर आता उशीर करू नका. मेंढीपालनात उतरा. मी उतरून वर आलोय, त्यामुळे अधिकारानं सांगतो.

आधी लोकर. मेंढी म्हटलं की नोकरदार माणसाला पहिल्यांदा स्वेटर दिसतो. आपल्याकडची मेंढी दख्खनी, काळी-करडी, लोकर राठ, अंगाला टोचणारी. वर्षातून दोनदा कातरायची. २०१९च्या पशुगणनेत देशात ७ कोटी ४२ लाख मेंढ्या भरल्या आणि २०२२-२३ साली लोकर निघाली ३ कोटी ३६ लाख किलो. भागाकार करा, मेंढीमागे धड अर्धा किलोही पडत नाही. तेवढ्यासाठी कातरणारा येतो, मेंढीला आडवी पाडून पाय बांधतो, कात्री चालवतो आणि मजुरी घेतो. ती मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही. थोडक्यात, मेंढीला न्हाव्याकडे नेल्यासारखंच आहे: पैसे आपण द्यायचे आणि केस तिथंच टाकून यायचे.

वाईट वाटून घेऊ नका, विलायतेत वेगळं काही नाही. तिथंही २०२० साली कातरणीचा खर्च लोकरीतून सुटला नव्हता. एके काळी त्या देशाची श्रीमंती लोकरीवर उभी होती, म्हणून त्यांच्या वरिष्ठ सभागृहाचे सभापती आजही लोकर भरलेल्या आसनावर बसतात. लोकरीचा बसायला उपयोग होतो, एवढं तरी त्यावरून सिद्ध होतं.

आता तुम्ही नाशिकचे, त्यामुळे पुढचा विचार तुमच्या डोक्यात आलाच असेल. दर नाही ना? मग कांद्यासारखी चाळीत भरू, वाढला की काढू. शाब्बास. ऑस्ट्रेलियानं हेच केलं होतं. किलोला ८७० सेंट हा किमान दर ठरवला, त्या दरात कोणी घेईना म्हणून उरलेली लोकर यंत्रणेनंच घ्यायची असं धोरण ठेवलं. दर चांगला दिसला म्हणून लोकांनी मेंढ्या वाढवल्या, गिऱ्हाईक हटलं आणि १९९१च्या फेब्रुवारीत योजना कोसळली, तेव्हा गोदामांत ४७ लाख गासड्या पडून होत्या. शेवटची गासडी विकायला २००१ उजाडलं. लासलगावच्या एखाद्या म्हाताऱ्याला आधी विचारलं असतं, तर त्यानं चहाच्या कपावर सांगितलं असतं. शिवाय लोकरीला कोंब फुटत नाहीत, त्यामुळे ती फेकायचा मुहूर्तही लवकर सापडत नाही.

त्याच ऑस्ट्रेलियाशी आपला व्यापार करार २०२२च्या डिसेंबरअखेरीस लागू झाला. त्यांची लोकर आणि त्यांच्या मेंढीचं मांस, दोन्हीवरचं आयातशुल्क गेलं. तुमच्या वीस मेंढ्यांनी ही स्पर्धा खिलाडूपणे घ्यावी.

लोकर सोडा म्हणता? बरं, सोडली. सगळ्यांनीच सोडली आहे. खरा पैसा कोकरात. यात जुळ्यांचा सल्ला तुम्हाला मिळेलच. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतला गुण आणून 'नारी सुवर्णा' तयार केली, तिला जुळी होतात. काम खरोखर मोलाचं आहे, यात थट्टा नाही. फक्त व्हिडिओवाला दोन कोकरं दाखवतो, दोघांना पुरेल एवढं दूध मेंढीला यावं म्हणून लागणारा खुराक दाखवत नाही. कॅमेरा तेवढा खाली जात नसावा.

कोकरं झाली की येवल्याच्या मंगळवारच्या बाजारात चला. जाताना वजनकाटा नेऊ नका, हसतील. मी नेला होता. व्यापारी कोकराच्या कमरेवर पंजा ठेवतो, पाठीचा कणा चाचपतो, शेपटीच्या बुडाशी चिमटा काढतो आणि तोंडानं 'हाडं आहेत नुसती' म्हणतो. मग उपरण्याखाली तुमचा हात धरतो आणि बोटं दाबतो. दोन बोटं आणि एक अर्धं पेर. दोन म्हणजे किती आणि अर्धं म्हणजे किती, हे ज्याला कळतं त्याच्याशीच सौदा होतो. तुम्हाला कळणार नाही, पण मान हलवा. मी हलवली. घरी येऊन हिशोब केला तेव्हा कळलं की मी मान हलवायला थोडी घाई केली. त्याच गावात दोन गल्ल्या पलीकडे रेशमाची पैठणी दुकानदार सांगेल त्या भावाला जाते, तिथं कोणी साडीच्या कमरेला चिमटा काढत नाही.

आणि तुमचं गिऱ्हाईक कोण, तर 'बोकडाचंच द्या हां' म्हणणारा. त्याची खात्री पटावी म्हणून खाटीक टांगलेल्या धडाला शेपूट ठेवतो. मेंढीच्या शेपटीला असा मान नाही. पुण्याकडे 'बोल्हाईचं मटण' म्हणून तिला निदान देवीचं नाव मिळतं. हॉटेलात मात्र ती 'लॅम्ब' झाली की ताटलीत तीन तुकडे येतात आणि बिल बघून माणूस हळू बोलायला लागतो. आखाडात दर चढतो, श्रावण लागला की बसतो. तुमची कोकरं अर्थातच श्रावणात विकायला तयार होतील.

चाऱ्याचं म्हणाल तर तो नाशिक जिल्ह्यात फुकट मिळतो, फक्त कोणाचं तरी वाटोळं व्हावं लागतं. २०२३च्या सुरुवातीला कांद्याचा दर पडला तेव्हा उभ्या शेतात मेंढ्या घातल्या गेल्या. गायीपेक्षा मेंढीला कांदा बरा पचतो. पुढं सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, पण ते बाजार समितीत विकलेल्या कांद्याला. मेंढीनं खाल्लेल्याची पावती निघत नाही. द्राक्षबागेत मात्र सोडू नका. तिथं बोर्डोची फवारणी, म्हणजे तांब्याचं मोरचूद, आणि मेंढीला तांब्याचं जेवढं वावडं तेवढं दुसऱ्या जनावराला क्वचित असेल. पावसाळ्यात कोवळं गवत भरपूर मिळालं की आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष होण्याचा रोग. लस चुकली तर खाऊनपिऊन धष्टपुष्ट झालेलं कोकरूच आधी जातं, रात्रीत. मरतुकडं वाचतं आणि सकाळी तुमच्याकडे बघत उभं राहतं.

अनुदान हवंय? महामेष योजना आहे, २० मेंढ्या आणि एक नर, ७५ टक्के अनुदान. मात्र ती भटक्या जमाती 'क'मधल्या धनगर मेंढपाळांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा. आता जो खरा मेंढपाळ आहे तो दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड लादून वाट धरतो. पाठीमागं घोडं, पुढं मेंढ्यांचं खांड, आणि मोबाइलला रेंज कुठल्या शिवारात येईल ते देवाला ठाऊक.

इतकं ऐकून तुम्ही विचाराल, मग त्याला कसं परवडतं? हेच तर मीही विचारलं. निफाडकडे एका कांदेवाल्याच्या रानात एका मेंढपाळाचा वाडा, म्हणजे मेंढ्यांचा तळ, बसला होता. रात्रीला मेंढ्या बसवण्याचे पैसे आणि वर थोडं धान्य, बदल्यात लेंडीखत. मी वही काढली. खाद्य, लस, औषध, मजूर असा तक्ता केला. मजुराच्या ओळीत काय लिहू, म्हणून विचारलं. तो म्हणाला, मजूर नाहीच. त्याची बायको पहाटेची उठून वाघूर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचं जाळं, आवरत होती, लंगडं कोकरू पोटाशी धरून दूध पाजत होती, मग घोडं लादणं, पुढच्या रानात चूल मांडणं, भाकरी, पाणी, पोरं. मी ती ओळ कोरी ठेवली आणि खाली बेरीज केली. नफा निघाला! व्हिडिओवाल्याचा आकडाही असाच निघत असणार. तिला शेतमजुराची रोजंदारी धरून पाहिली तर पानावर जागा पुरेना, म्हणून खोडलं. तुम्हीही धरू नका. तुमच्या घरी आधी विचारून बघा, पहाटे चारला वाघूर कोण आवरणार. उत्तर आलं की प्रकल्प अहवालाचा निम्मा खर्च वाचेल.

डिसेंबर होता, निफाडची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. तिघं पोरं गुलाबी-हिरव्या फुलांच्या ब्लँकेटात गुरफटून झोपलेली. पानिपतचं, रस्त्याकडेला विकायला बसतात त्यांच्याकडून घेतलेलं. मी म्हटलं, वहिनी, घोंगडी नाही का? ती म्हणाली, घोंगडी विणणारा आता पैसे किती मागतो माहितीये का, आणि चिंचोक्याची खळ लावत बसायला वेळ कोणाला? शेजारी बाभळीच्या कुंपणाला कातरलेल्या लोकरीचा ढीग अडकलेला, दवानं ओला.

"ही कुठं देता?" मी विचारलं.

"न्या ना भाऊ, लागंल तेवढी न्या," ती म्हणाली. "पोतं मात्र तुमचं आना."